साधारणबाई

"साधारण" हा शब्द कानावर पडला की आमच्या मॅडम उभ्या राहत. पुढ्यातली वही मिटत, खडूची डबी पिशवीत टाकत, पिशवीची चेन करकरत ओढत आणि म्हणत, "ठरलं की कळवा मले." बोलणाऱ्याने शब्द मागे घेईपर्यंत त्या तशाच उभ्या. ताटं वाढलेली असोत की बाहेर कोणाची गाडी सुटत असो, बाईंना फरक पडत नसे. म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना साधारणबाई म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं. ते पंधरा दिवसांत अमरावतीहून अकोल्यापर्यंत पोचलं, याचा मला फार आनंद झाला होता.

आधीच सांगून टाकतो, मला ही बाई आवडली नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण खोटं चांगलं बोललेलं त्यांनाच चाललं नसतं. त्यांनी माझी सात-आठ वर्षांची मेहनत अर्ध्या तासात फळ्यावर मोडली, मला कधी नावाने हाक मारली नाही, आणि वर शेवटी त्यांचंच बरोबर निघालं. एखाद्या माणसाचा राग यायला आणखी काय लागतं?

भानगड अशी होती. अमरावतीला आमची लहानशी कंपनी. कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधणारं जे प्रेस असतं, ते चालवणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. प्रेस आणि त्यांची विजेची पॅनलं बनायची अकोल्यात. प्रोग्राम लिहिण्याआधी यंत्राने काय करायचं आणि काय करायचं नाही, हे कागदावर उतरवावं लागतं. तिथेच दर वर्षी डोकी फुटायची. आम्ही चौकोन आणि बाण काढायचो, अकोलेकर हिंदी-मराठीची मिसळ करून पानंच्या पानं लिहायचे. "दट्ट्या वर गेला की पंप बंद" एवढ्या ओळीतलं "वर" म्हणजे नेमकं कुठवर, यावरून एका हंगामात आमची आणि त्यांची बोलचाल बंद झाली होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा दोन्ही गावांचा खाक्या.

शेवटी सगळ्यांनी मिळून एक समिती केली. यंत्राबद्दल लिहायची एकच सामाईक भाषा बनवायची. त्या भाषेतल्या वाक्याचा अर्थ एकच निघाला पाहिजे, आणि दोन वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध जात असतील तर ते यंत्र बनण्याआधी कागदावरच कळलं पाहिजे. ही भाषा बांधायला अकोल्याच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेल्या, तर्कशास्त्र शिकवलेल्या मॅडमना बोलावलं. बैठक अमरावतीत घ्यावी तर अकोलेकर येत नसत, अकोल्यात घ्यावी तर आम्ही जात नसू. म्हणून मूर्तिजापूर ठरलं, तिथल्या एका जिनिंगच्या कचेरीवरचा हॉल. तेही अकोला जिल्ह्यातच येतं, हे आम्ही दर बैठकीत एकदा बोलून दाखवायचो.

मॅडम माणसांना गावाने हाक मारत. "हं, अमरावती, बोला." अमरावती म्हणजे मी. नाव विचारण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. वाद गावांचा आहे तर नावं कशाला, असं त्यांचं म्हणणं. अकोल्याच्या पॅनलवाल्या नसीरभाईंना मात्र त्या "नसीरभाई" म्हणत. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाल्या, "ते गावाकडून नाई बोलत. ते हातानं केलेलं सांगतात. तुमी गावाकडून बोलून राहिले."

त्यांच्या भाषेत शब्द अगदी मोजके. नेहमी. कधीच नाही. तोवर. लगेच. एकदा तरी. बस्स. विशेषणांना बंदी. प्रत्येक वस्तूचं नाव पहिल्या पानावर एकदा सांगायचं, मग शेवटच्या पानापर्यंत तेच वापरायचं. पहिल्या पानावर "दट्ट्या" म्हटलं आणि दहाव्या पानावर कोणी "पिस्टन" लिहिलं, की तो कागद त्या न वाचता परत करत. नसीरभाईंनी एकदा सहज म्हटलं, "चहा झाल्यावर बघू." बाई म्हणाल्या, "कोणाचा चहा? तुमचा की सगळ्यांचा?" नसीरभाई हसून म्हणाले, "सबका, मॅडम." त्यांना हसू यायचं. मला नाही यायचं.

त्यांना जरा मऊ करावं म्हणून एका बैठकीला मी राजकमल चौकातून गिलावडे बांधून नेले. अमरावतीचा गिलावडा खाऊन माणूस विरघळत नाही असं मी तोवर पाहिलं नव्हतं. बाईंनी तीन खाल्ले, वरून ताक प्यायल्या, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "चांगले आहेत. तुमच्या पान चारवरचं दुसरं वाक्य खोटं आहे."

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते त्याच्या कितीतरी आधी, अगदी दुसऱ्या बैठकीत घडलं होतं. चौकोन आणि बाणांची आमची पद्धत मी स्वतः बसवलेली. कंपनीत ती माझ्याच नावाने ओळखली जायची, आणि सामाईक भाषा म्हणून तीच घेतील अशी माझी खात्री होती. मॅडमनी माझी प्रेसची आकृती जशीच्या तशी फळ्यावर काढली. एकही बाण चुकवला नाही. मग एका चौकोनावर बोट ठेवलं. "इथं दार बंद." बोट सरकवलं. "इथं वीज गेली, कोणी दार उघडलं." पुन्हा सरकवलं. "इथं वीज आली. आता दार उघडं आहे आणि दट्ट्या खाली येऊन राहिला." तीन पावलांत त्यांनी माझ्याच बाणांवरून चालत जाऊन उघड्या दारात दट्ट्या आणून उभा केला.

मी म्हटलं, "मॅडम, असं कधी होत नाही."

त्यांनी हातावरचा खडू झटकला. "होत नाई, की होऊ शकत नाई?"

मी तोंडघशी पडलो. अकोलेकर गालातल्या गालात हसत होते. घरी जाऊन दोन दिवसांत मी ती चूक दुरुस्त केली, पण दुरुस्तीला कोण विचारतं? त्या दिवसापासून माझं एकच काम होतं, या बाईचं काही चालू द्यायचं नाही. त्यांच्या प्रत्येक वाक्यावर मी हात वर करायचो. त्यांचं बरोबर आहे हे कळलं तरी करायचो. त्याही कमी नव्हत्या. माझा हात वर दिसला की आधी बाकी सगळ्यांना विचारून घेत आणि शेवटी म्हणत, "हं, अमरावती. सांगा, आता काहून नको?"

भाषा जवळपास झाली तेव्हा बाईंनी नवीन खूळ काढलं. प्रत्येक वाक्यासमोर एक रकाना हवा. रकान्याचं नाव "जाणता". वाक्यात सांगितलेली गोष्ट नक्की कोणाला कळते, ते त्यात लिहायचं. यंत्राला कळते, माणसाला कळते, की कोणालाच कळत नाही. माझ्या कागदात वाक्य होतं, "दार उघडं असताना दट्ट्या खाली येणार नाही, कधीच." बाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"दार उघडं आहे हे तुमाले माहीत आहे. त्याले माहीत आहे काय?" त्यांच्या बोलण्यात "तो" म्हणजे यंत्र.

"दाराला स्विच आहे, मॅडम. दार लागलं की स्विच दाबला जातो. तोच त्याचा डोळा."

"म्हणजे त्याले स्विच माहीत आहे. दार नाई माहीत. दोन वाक्यं लिहा. एक दाराचं, एक स्विचचं. आणि दोघांसमोर जाणता लिहा."

हा प्रश्न त्या सगळ्यांना, सगळ्या गोष्टींबद्दल विचारायच्या. तुमाले माहीत आहे, पन त्याले माहीत आहे काय? आम्ही त्याची नक्कल करायचो. जेवताना कोणी मीठ मागितलं की कोणीतरी बाईंच्या आवाजात म्हणायचं, मीठ कमी आहे हे तुमाले माहीत आहे, वरणाले माहीत आहे काय? सगळ्यांत हुबेहूब नक्कल माझी होती.

आता खरं सांगायची वेळ आली. त्या रकान्याला माझा विरोध होता तो कागद दुप्पट होईल म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत होतो. कागद दुप्पट होणार होताच. पण माझ्या पोटात दुसरंच होतं. आदल्या हंगामात नांदगाव खंडेश्वरच्या बाजूला एका जिनिंगमध्ये मी आमचं प्रेस बघायला गेलो होतो. दाराच्या स्विचमध्ये रुईचा फुफाटा अडकायचा, दार लागलेलं असूनही यंत्राला उघडं वाटायचं आणि प्रेस बंद पडायचं. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आत मालकाची ओरड. तिथले ऑपरेटर देवरावदादा. वीस वर्षं प्रेसवर काढलेला माणूस. त्यांनी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडाची, एक काडी चाकूने तासली आणि स्विचमध्ये खोचून दिली. स्विच कायमचा दाबलेला, दार कायमचं "बंद". प्रेस दिवसभर बिनतक्रार चाललं.

"कशी काय आयडिया, साहेब?" देवरावदादांनी विचारलं.

मी हसलो. म्हटलं, "दादा, खरे इंजिनिअर तुम्हीच." आणि चहा पिऊन परत आलो.

तो रकाना आला असता तर दारासमोर मला लिहावं लागलं असतं की दार बंद आहे की नाही, हे यंत्राला ठाऊक नाही. मग काडीचं निघालं असतं. मग आमच्या कंपनीची प्रेसं जिथे जिथे होती तिथे तिथे कोणीतरी जाऊन काड्या शोधल्या असत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी एकेकाला फोन केले. हंगाम तोंडावर आहे, बाईंना पुस्तकी काम करायला वेळ आहे, आपल्याला नाही. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नका.

मतं घेतली. बाईंच्या बाजूने फक्त नसीरभाईंचा हात वर गेला. ते म्हणाले, "मॅडम सही बोल रहे. तीस साल झाले, मी स्विच लावतो. स्विचले जे दिसते ते तो सांगतो, अन् आपन त्याले जे दाखवतो तेच त्याले दिसते." कोणी ऐकलं नाही. रकाना उडाला.

मी जिंकलो होतो. बाईंनी वही मिटली, खडूची डबी पिशवीत टाकली, चेन ओढली. या वेळी कोणी "साधारण" म्हटलं नव्हतं. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "भाषा तुमची. माझं नाव काढा तिच्यातून." आम्ही काढलं. त्या संध्याकाळी बडनेऱ्यापर्यंत मी गाडीत शीळ घालत होतो, हे मला आजही आठवतं आणि आजही स्वतःची चीड येते.

हंगाम भरात असताना एका सकाळी फोन आला. देवरावदादांचा उजवा हात. दारात रुईचा गोळा अडकला होता, तो काढायला त्यांनी हात आत घातला. दार उघडं होतं. काडी जागेवर होती. यंत्राला दार बंद दिसत होतं, त्याने आपलं काम केलं. चार बोटं गेली.

चौकशी झाली. त्या प्रेसचा माझा कागद सगळ्यांनी वाचला, नव्या सामाईक भाषेत पुन्हा लिहिलेला. एकही वाक्य दुसऱ्या वाक्याच्या विरुद्ध नव्हतं. यंत्राला जे दिसत होतं त्यावरून त्याने एकही वाक्य मोडलं नव्हतं. कागद निर्दोष, यंत्र निर्दोष, चूक ऑपरेटरची. आमच्या मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "भाषेनं वाचवलं आपल्याला."

मी दवाखान्यात गेलो. देवरावदादा उशाला टेकून बसले होते, हाताला हे एवढं बँडेज. मला बघून उठायला लागले. मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "तुमी काहून वाईट वाटून घेता, साहेब? काडी तर मीच लावली होती ना. तुमी पाह्यलीच होती की."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. जठारपेठेत मॅडमचं घर कोणतं, हे नसीरभाईंना विचारावं लागलं, इतक्या दिवसांत मी ते कधी विचारलं नव्हतं. वाटेत मी ठरवून ठेवलं होतं. बाई म्हणणार, मी सांगितलं होतं. म्हणू दे. ऐकून घ्यायचं आणि परत यायचं. त्या ओरडल्या असत्या तर माझं ओझं थोडं उतरलं असतं, हाही हिशेब त्यात होताच.

त्या जाळीच्या दाराशी आल्या. दार उघडलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्या दुश्मनालाही आधी पाणी विचारतात. बाईंनी तेही विचारलं नाही.

"अमरावती," त्या म्हणाल्या. "नसीरभाईनं सांगितलं मले. कसे आहेत देवराव?"

"बरे आहेत."

"बरे म्हणजे?"

"चार बोटं गेली, मॅडम. उजव्या हाताची."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "काडी लावलेली कोणाकोणाले माहीत होती?"

"देवरावदादांना."

"आणखी?"

समोरच्या घरात कोणीतरी कुकर लावला होता. त्याची शिट्टी झाली. बाई थांबल्या होत्या. त्यांना थांबता येत असे, ती त्यांची सगळ्यांत वाईट सवय होती.

"मले," मी म्हटलं. आयुष्यभर शाळेतली शुद्ध मराठी बोललेला मी, पण तेव्हा घरचंच तोंडात आलं.

त्यांनी कडी काढली. आत गेल्या आणि ती मिटलेली वही घेऊन आल्या. उभ्या रेघा मारून रकाना तयारच होता. पहिलं वाक्य, "दार उघडं असताना दट्ट्या खाली येणार नाही, कधीच." त्याखाली दुसरं, "स्विच दाबलेला नसताना दट्ट्या खाली येणार नाही, कधीच." त्याखाली तिसरं, नुकतंच लिहिलेलं, "दार उघडं असून स्विच दाबलेला असू शकतो." त्यासमोरचा जाणत्याचा रकाना जवळपास कोरा होता. नाही म्हणायला तिथे एक नाव होतं, देवराव. पुढे स्वल्पविराम देऊन जागा सोडलेली.

"लिहा," बाई म्हणाल्या.

मी लिहिलं, "लिहिणारा."

त्यांनी वाकून बघितलं. "लिहिणाऱ्याले नाव नाई काय?"

मी ते खोडलं आणि नाव लिहिलं. वर्गात हजेरी घ्यावी तसं त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "प्रमोद वानखडे." मग म्हणाल्या, "बस आता. पाणी आणते."

मी तिथे बसून रडलो. बाई पाण्याचा तांब्या ठेवून आत निघून गेल्या, समजूत काढायला आल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

त्यानंतर रकाना परत आणायला मीच सगळ्यांना फोन केले. मॅडम पुन्हा मूर्तिजापूरला येऊ लागल्या. गोडी वगैरे काही झाली नाही. पुढच्याच बैठकीत मी "हं, अमरावती" झालो आणि शेवटपर्यंत तोच राहिलो. माझी वाक्यं त्या पूर्वीसारखीच फाडत, मी पूर्वीसारखाच हात वर करी. फरक एवढाच, की आता मी त्यांचं बरोबर असलं की गप्प बसायचो, आणि ते फार वेळा व्हायचं. अमरावती-अकोल्याच्या दोन-तीन डझन जिनिंगमध्ये आम्ही काड्या शोधत हिंडलो. कुठे काडी, कुठे तार, कुठे घडी घातलेला तंबाखूचा पुडा. जिथे सापडलं तिथे नसीरभाईंनी, एका काडीने दोन्ही फसू नयेत म्हणून, वेगळ्या जातीचे दोन-दोन स्विच बसवले. देवरावदादा आमच्याबरोबर असत. कोणती काडी कुठे लपवतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मॅडम गेल्या. अकोल्यात फार माणसं नव्हती. त्या कोणाशी गोड बोलल्या नव्हत्या, तर येणार कोण? मी, नसीरभाई, देवरावदादा आणि त्यांच्या काही जुन्या विद्यार्थिनी. देवरावदादांनी डाव्या हाताने फूल वाहिलं.

परवा मूर्तिजापूरला भाषेची नवी आवृत्ती ठरवायला बैठक होती. भाषा शिकायला बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पानावर एक नमुना दिलेला आहे. मॅडमच्या वहीतलाच, तीन वाक्यांचा. तिसऱ्या वाक्यासमोर दोन नावं छापलेली आहेत. एका नव्या कंपनीचे एक साहेब आले होते, चांगले शिकलेले, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. माझ्याकडे बघून आदराने म्हणाले, "सर, हे तुमचं नाव उगाच तिथे आलंय. साधारणपणे अशा कागदात माणसांची नावं नसतात. काढून टाकू या."

मी वही मिटली. पेन खिशात ठेवलं. पिशवीची चेन ओढली आणि उभा राहिलो.

त्या साहेबांना काय झालं ते कळेना. पलीकडे बसलेले नसीरभाई त्यांच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "शब्द वापस घेऊन टाका, साहेब. हे नाई बसत आता."